हाताने छापलेली व्हॅलेंटाईन कार्डं: एकच ठसा सगळ्यांना चालेल का?

शाईबोट
मंडळी, यंदा व्हॅलेंटाईनला विकतची कार्डं आणायची नाहीत असं ठरवलंय. नवरा, मुलगी, आई, सासूबाई, धाकटी जाऊ आणि शाळेपासूनच्या दोघी मैत्रिणी, एवढ्यांना स्वतः ठसे छापून कार्डं द्यायची आहेत. चित्रकलेच्या नावाने आनंदी आनंद आहे, म्हणून हा मार्ग. साहित्य म्हणाल तर जाड पांढरा कागद, लेकीची खोडरबरं आणि कार्यालयात शिक्के मारायला वापरतात तसलं जांभळं इंक पॅड.

प्रश्न दोन आहेत. खोडरबर कोरून ठसा करू की तयार पारदर्शक स्टॅम्पचा संच घेऊ? आणि दुसरा जरा नाजूक. कोरायचा एकदा आणि छापायचा हवा तितक्या वेळा, हाच तर ठशाचा फायदा. पण नवऱ्याला जे हृदय तेच सासूबाईंना? काहीतरी खटकतंय. अनुभवी लोकांनी बोलावं.

खोडसाळ
सासूबाईंना तेच द्या. वेगळं दिलंत तर नवरा आणि सासूबाई दोघं शेजारी शेजारी ठेवून बघतील, आणि मग तुमची खैर नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

कातरवेडी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खोडरबर. पहिल्या ठशासाठी त्याहून सोपं काही नाही. मऊ, पांढरं, मोठं खोडरबर घ्या. शाई खोडायचं खरखरीत नको, त्याचा भुगा पडतो आणि कडा तुटते.

कोरताना दोनच गोष्टी सांभाळा. पात्याचा तिरपेपणा नेहमी आकारापासून बाहेरच्या बाजूला. म्हणजे कोरून झाल्यावर हृदयाच्या कडेला खाली उतार राहिला पाहिजे. उलट, आतल्या बाजूला खणत गेलात तर कडेखालचा आधार जातो आणि थोडं छापून झालं की कड वाकायला लागते. दुसरं, गोलाईवर हात वळवू नका, खोडरबर वळवा. पातं जागच्या जागी ठेवायचं आणि खालचा ठोकळा फिरवायचा. गोल आपोआप सफाईदार येतो. आणि धरलेला हात पात्याच्या वाटेत कधीच येऊ द्यायचा नाही.

जांभळं पॅड चालेल, फक्त त्या छापावर जलरंग भरायला जाऊ नका. तसली शाई बहुधा पाण्याने पसरते.

निमूट
वाचतोय.

जुनाजाणता
प्रेम व्यक्त करायला तारीख कशाला लागते हे मला आजवर कळलेलं नाही. वर्षभर धुसफुस आणि एक दिवस लाल कागद. बाजाराने काढलेली टूम आहे, दुसरं काही नाही.

गोंदण
काका आले! मी विचारच करत होते की अजून कसे आले नाहीत.

मुक्ताफळ
जुनाजाणता काका, पण शाईबोटताई बाजारातून काही आणतच नाहीयेत की. घरचं खोडरबर आणि घरचाच कागद. बाजाराचं यात नुकसानच आहे.

अक्षरवेल
मी तयार पारदर्शक स्टॅम्पच्या बाजूने. छापताना ठसा नेमका कुठे बसतोय ते आरपार दिसतं, हा फायदा खोडरबरात नाही. अॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचा, काम झालं की सोलून काढायचा.

फक्त नवा स्टॅम्प सरळ वापरायला घेतला तर शाई त्यावर थेंबथेंब गोळा होते आणि छाप चट्टेरी येतो. वरचा तुळतुळीतपणा घालवायला आधी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून घ्यायचा. उन्हात ठेवायचा नाही, पिवळा पडतो. आणि लाल शाईने तो कायमचा गुलाबी होतो. त्याने काही बिघडत नाही, पुढच्या छापात तो रंग उतरत नाही, पण ज्यांना वस्तू नव्यासारख्या लागतात त्यांचा जीव खालीवर होतो. पुसायला ओलं फडकं पुरे. नेलपॉलिश काढायचं द्रावण चुकूनही लावू नका.

अडचण एकच, मराठी अक्षरांचे संच फारसे मिळत नाहीत. मिळतात ते इंग्रजी मजकूर. आईला कार्ड द्यायचं आणि त्यावर इंग्रजी सुविचार, हे मला पटत नाही. मग शब्द हाताने लिहिते.

शाईबोट
@अक्षरवेल, अगदी! मलाही वर मराठीच शब्द हवे आहेत. खोडरबरावर ‘आई’ कोरता येईल का? उलटं कोरावं लागेल ना? डोकं गरगरतंय.

जुनाजाणता
उलटं लिहायची गरज नाही.

मऊ शिसाच्या पेन्सिलीने पातळ कागदावर शब्द नेहमीसारखा सुलटा लिहा. कागद पालथा करून खोडरबरावर दाबून बसवा आणि मागून नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासा. शिसं खोडरबरावर उतरतं, आणि उतरताना आपोआप उलटं होतं. तेवढं कोरा. छापलं की सुलटं. डोकं गरगरायचं कारण नाही.

खोडसाळ
काका?! लाल कागदवाल्यांच्या गोटात?

जुनाजाणता
मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत. उलटं अक्षर दिसलं की राहवत नाही. दिवसाबद्दलचं माझं मत तेच आहे.

आता विषय निघालाच आहे तर देवनागरीबद्दल सांगतो. नवशिक्याने अक्षर उंच ठेवून भोवतालचं कोरून काढायच्या फंदात पडू नये. शिरोरेखा बारीक राहते आणि वाकते. अनुस्वाराचा ठिपका तर हमखास तुटतो, कारण त्याला कुणाचाच आधार नाही. त्यापेक्षा अख्खं हृदय भरीव ठेवा आणि अक्षरच खोदून काढा. इंग्रजी व्हीच्या आकाराचं टोक असलेलं कोरणं मिळतं, त्याने एका फटक्यात रेघ निघते. छापल्यावर लाल हृदयात पांढरं अक्षर. शिरोरेखा म्हणजे एक सरळ चर, अनुस्वार म्हणजे टोक टेकवून फिरवलेला एक खड्डा. तुटायला काही उरतच नाही.

शब्द निवडताना जोडाक्षरं टाळा. ‘आई’, ‘तू’, ‘माझी’ हे सोपे. ‘प्रिय’ला हात लावू नका, त्या प्र मधली तिरकी रेघ पहिल्या प्रयत्नात कुणालाच नीट जमत नाही.

कातरवेडी
साष्टांग! अक्षर खोदायची युक्ती डोक्यातच आली नव्हती. वाचनखूण साठवली.

मुक्ताफळ
काका, एकदा छापखान्यावर वेगळा धागा काढाच.

गोंदण
+१

टपालखुणा
दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळतच नाहीये, म्हणून थोडा इतिहास सांगतो. अवांतर वाटेल, पण शेवटी मुद्द्यावर येतो.

ब्रिटनमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झालं, पत्र पाठवणं एकदम स्वस्त झालं आणि व्हॅलेंटाईनच्या पत्रांना उधाण आलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी एस्थर हाउलंड नावाच्या बाईंच्या हाती एक इंग्लिश व्हॅलेंटाईन पडलं. तसंच आपणही करू म्हणून १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जाळीचा कागद आणि रंगीत चित्रं आणवून घरातच कार्डं करायला सुरुवात केली. मागणी इतकी आली की मैत्रिणींना हाताशी घेतलं आणि कामं वाटून दिली. एकीने चित्रं कापायची, दुसरीने मागचा कागद करायचा, तिसरीने चिकटवायचं. म्हणजे ‘हाताने केलेलं’ असूनही कार्डं एकाच घाटाची, ढिगाने.

गंमत पुढे आहे. १८७९ मध्ये त्यांच्या कंपनीने नुसत्या कडव्यांचं पुस्तक काढलं. कार्ड आवडलं पण आतल्या ओळी पसंत नाहीत, तर पुस्तकातल्या दुसऱ्या ओळी निवडून त्या जागी चिकटवायच्या. चित्र सगळ्यांचं सारखं, मजकूर ज्याचा त्याचा.

तेव्हा शाईबोटताई, बाहेरचं हृदय एकच असू द्या. आतला मजकूर मात्र एकाचा दुसऱ्याला चालता कामा नये.

रिकामटेकडा
सहमत नाही. कार्ड हातात आल्यावर माणूस आधी बाहेरचंच बघतो. सासूबाई आणि जाऊबाई एकाच घरात असतील आणि दोघींना हुबेहूब एकच कार्ड मिळालं, तर आतलं वाचायच्या आधीच ‘हं, सगळ्यांना वाटलेलं दिसतंय’ असं होणार. ठसा एक असला तरी मांडणी तरी बदला. एकाला मधोमध एकच हृदय, दुसऱ्याला कोपऱ्यात तीन, तिसऱ्याला वर एकाला जोडून एक अशी माळ.

टपालखुणा
मांडणी बदला, हरकत नाही. माझा मुद्दा एवढाच की सात वेगळे ठसे कोरत बसलात तर आत लिहायला वेळ उरणार नाही आणि आत नुसतं ‘सप्रेम’ येईल.

खोडसाळ
आत नुसतं ‘सप्रेम’ यावं म्हणूनच तर लोक बाहेर सात ठसे कोरतात. लिहिण्यापेक्षा कोरणं सोपं आहे हो.

अक्षरवेल
खोडसाळ कधी नव्हे ते खरं बोलले.

कातरवेडी
रिकामटेकडांच्या मुद्द्याला धरून: एकाच ठशातून वेगवेगळी कार्डं काढायच्या दोन युक्त्या.

एक, फिका छाप. ठशाला शाई लावली की आधी रद्दी कागदावर एकदा उठवायचा आणि पुन्हा शाई न लावता कार्डावर उठवायचा. तोच रंग, पण पुसट. एक गडद आणि त्याच्या मागेपुढे दोनतीन पुसट हृदयं अशी मांडणी केली की एका पॅडमधून दोन छटा निघतात.

दुसरी, मास्क. चिकट चिठ्ठ्या असतात ना, त्यावर डिंकाच्या पट्टीजवळ हृदय छापून नेमकं कापून घ्यायचं. कार्डावर पहिलं हृदय छापायचं, त्यावर हे कापलेलं झाकण लावायचं आणि दुसरं हृदय थोडं त्यावर चढेल असं छापायचं. झाकण काढलं की दुसरं हृदय पहिल्याच्या मागे उभं असल्यासारखं दिसतं. जे पुढे दिसायला हवं ते आधी छापायचं, एवढं लक्षात ठेवा.

शाईबोट
बापरे, केवढी माहिती! कालपासून खोडरबरं घेऊन बसले आहे. एक अडचण: छाप कडेला नीट येतो आणि मधे फिका राहतो. जोरात दाबलं तर कडेभोवती शाईचा ओघळ येतो.

कातरवेडी
पॅडवर ठसा दाबत असाल तर ते आधी बंद करा. ठसा उताणा धरून पॅडनेच त्यावर हलके टपटप करा. शाई पातळ आणि सारखी लागते, खाचेत भरत नाही. आणि कागदावर ठसा डोलवू नका, त्यानेच कडेचा ओघळ येतो.

जुनाजाणता
दाब वाढवणं हा उपाय नव्हे. कागदाखाली गादी हवी. जुनं मासिक किंवा माऊसचा पॅड घाला. तरीही ठरावीक जागा फिकी राहिली तर कागदाखाली नेमक्या त्या जागी पातळ कागदाचा लहानसा कपटा चिकटवा आणि पुन्हा छापून बघा. छापखान्यात ठोकळा सारखा उठावा म्हणून आम्ही हेच करायचो, आणि पुष्कळदा छापण्यापेक्षा त्यातच जास्त वेळ जायचा.

शाईबोट
काका, कपट्याची युक्ती चालली!! मधोमध टवटवीत छाप आला. खूप आभार.

ठोकळा
कागदावर कुणी बोललंच नाही. २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्या. त्याहून पातळ असेल तर कार्ड उभं राहत नाही. आणि घडी घालण्याआधी कागदाचा कल बघा. कागदातले तंतू एका दिशेने असतात. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी. उलट्या बाजूने घातली तर घडीवर कागद फुटतो आणि पांढरे रेषे दिसतात, गडद रंगाच्या कागदावर तर फारच.

घडीच्या जागी आधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून घ्यायची. मग घडी सुरीसारखी बसते.

ए४ कागद अर्धा कापला की ए५, त्याची घडी घातली की ए६ कार्ड, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्याला सी६ पाकीट बरोबर बसतं. आधी पाकीट बघा, मग कार्ड कापा. उलटं करणारे लोक नंतर पाकिटंही घरीच करत बसतात.

रिकामटेकडा
पाकिटं घरी करणारे इथे हजर आहेत. उगाच डिवचू नका.

गोंदण
माझ्या मावशीची नजर खूप कमी झाली आहे, म्हणून तिच्यासाठी मी उठावाचं कार्ड करते. कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते.

सावकाश वाळणारी पिगमेंट शाई लावून ठसा उठवायचा. शाई ओली असतानाच एम्बॉसिंगची पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत. मग हीट गनने गरम हवा द्यायची. पूड वितळते आणि एकदम चकाकते, ते दिसलं की गन लगेच पुढे सरकवायची, नाहीतर कागद करपतो. गार झालं की रेघ बोटाला लागते. भरीव हृदयापेक्षा नुसत्या बाह्यरेषेचं हृदय बोटांना चांगलं कळतं. मावशी त्यावरून बोट फिरवते आणि मग आतलं मला वाचायला लावते. त्यामुळे आत काय लिहायचं याचा मला फार विचार करावा लागतो, स्वतःलाच मोठ्याने वाचायचं असतं!

हेअर ड्रायर चालत नाही. वारा जास्त आणि उष्णता कमी, पूड उडून जाते. आणि छापण्याआधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी फिरवा, म्हणजे पूड भलतीकडे चिकटत नाही.

मुक्ताफळ
गोंदणताई, काय सुंदर कल्पना. हे आधी का नाही सांगितलंत?

टपालखुणा
पुन्हा अवांतर. पोस्टाने पाठवणाऱ्यांसाठी: अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये लव्हलँड नावाचं गाव आहे. १९४७ पासून तिथे एक उपक्रम चालतो. लोक आपली व्हॅलेंटाईन कार्डं मोठ्या पाकिटात घालून तिथल्या पोस्टाकडे पाठवतात. तिथले स्वयंसेवक आतल्या प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर हाताने खास शिक्का आणि चार ओळींची कविता छापतात आणि कार्डं पुढे रवाना होतात. म्हणजे ठसे मारणारं अख्खं गाव.

खोडसाळ
जुनाजाणता काकांना तिकडे पाठवा. कपटे लावत बसतील.

जुनाजाणता
चार ओळींची कविता खिळ्यांत जुळवलेली असेल तर येतो.

पाऊलवाट
नवीन सदस्य. लहान मुलांसोबत करायचं असेल तर कोरणं वगैरे नको. अंगठा पॅडवर टेकवायचा आणि कागदावर एकदा डावीकडे तिरका, एकदा उजवीकडे तिरका, खालची टोकं एकमेकांवर. झालं हृदय. आमच्याकडे धाकट्याचा एक अंगठा आणि आजोबांचा एक अंगठा असं केलं होतं. छोटा ठसा आणि मोठा ठसा मिळून वाकडंच हृदय झालं, पण आजीने तेच फ्रेम करून घेतलं. मुलांसाठी पाण्याने धुतली जाणारी शाई घ्या, आणि भिंतींपासून दूर बसवा.

अक्षरवेल
हे घ्या, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. हा ठसा दुसऱ्या कुणाला देताच येणार नाही.

रिकामटेकडा
पण मग प्रत्येक कार्डाला नवा अंगठा लागणार. सासूबाईंच्या कार्डाला कुणाचा?

मुक्ताफळ
त्यांच्या लेकाचा. अजून कुणाचा!

शाईबोट
हा हा! मुक्ताफळ, तुमचं ऐकलं. नवऱ्याला बसवून सासूबाईंच्या कार्डावर अंगठा घेतला, शेजारी लेकीचा. तो आधी ‘हे काय सहीसाठी बोलावल्यासारखं’ म्हणाला, मग स्वतःहून आत चार ओळी लिहिल्या. मी वाचल्या नाहीत, पाकीट बंद करूनच दिलं त्याने.

बाकीच्यांसाठी एकच ठसा ठेवला आहे. भरीव हृदय, त्यात काकांच्या पद्धतीने खोदलेलं ‘तू’. आईला, लेकीला, मैत्रिणींना, जावेला आणि नवऱ्यालाही ‘तू’च म्हणते, त्यामुळे एका शब्दात सगळे बसले. सासूबाईंना अहोजाहो, म्हणून त्यांचं तेवढं वेगळं निघालं. मांडणी प्रत्येकाची निराळी. नवऱ्याचं कार्ड अजून कोरं आहे. बाहेर छापून झालंय, आत सुचत नाहीये.

खोडसाळ
म्हटलं नव्हतं का, कोरणं सोपं आहे!

टपालखुणा
कडव्यांचं पुस्तक शोधू का?

शाईबोट
नको, सुचेल. पण एक विचारायचं राहिलं: हे कोरलेले ठसे पुढच्या वर्षापर्यंत टिकतात का?

कातरवेडी
टिकतात. धुऊन, टिपून, उन्हापासून दूर ठेवा. फक्त प्लॅस्टिकच्या डबीत तसेच टाकू नका. या पांढऱ्या खोडरबरांत त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य असतं, ते हळूहळू प्लॅस्टिकला खातं आणि दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि गुंडाळलेल्या कागदावर त्याचा एक छाप उठवून ठेवा, म्हणजे आत काय आहे ते न उघडता कळतं.

ठोकळा
आणि छापलेली कार्डं लगेच मिटू नका. पिगमेंट शाई असेल तर रात्रभर उघडी राहू द्या. गुळगुळीत चकचकीत कागदावर तर ती कधीकधी वाळतच नाही, तिथे वेगळी शाई लागते.

नवखा
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. बटाट्याचा ठसा चालेल का?

निमूट
चालतो. कापल्यावर कागदाने टिपून थोडा वेळ तसाच ठेवा, पाणी सुटायचं थांबलं की वापरा. इंक पॅडवर टेकवू नका, पॅड खराब होतं, ब्रशने पोस्टर रंग लावा. बारीक काही कोरायला जाऊ नका. आणि त्याच दिवशी सगळी कार्डं उरका, दुसऱ्या दिवशी तो सुरकुततो.

खोडसाळ
निमूट बोलले!!